अमेरिकेची जुनी टपाल पाकिटं आणि शिक्के: गोव्यात बसून कशी जमवायची

पहिलं काम म्हणजे पाण्याची वाटी बाजूला ठेवा. आपल्याकडे तिकिटं जमवणारा जवळजवळ प्रत्येकजण शाळेत एकच गोष्ट शिकलाय, पाकिटाचा कोपरा कापायचा, पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि हिंज, म्हणजे गोंदाची छोटी कागदी पट्टी, लावून वहीत चिकटवायचं. कव्हर, म्हणजे टपालातून गेलेली अख्खी पाकिटं, जमवायची असतील तर हे कायमचं बंद. कारण सुटलेलं तिकीट म्हणजे फक्त तिकीट, तसं लाखांनी मिळतं, पण तेच तिकीट पाकिटावर असलं की पत्र कुठून निघालं, कधी निघालं, किती पैसे लागले, कुठल्या मार्गाने गेलं, मध्ये कुणी उघडून वाचलं का, हे सगळं त्याच एका कागदावर दिसतं. अमेरिकेत 1853 पासून छापील मुद्रांक असलेली सरकारी पाकिटं निघाली आणि जुन्या पिढीच्या हौशी लोकांनी त्यातले मुद्रांक चौकोनी कापून अल्बम भरले, आज तीच पाकिटं अखंड मिळाली तर लोक जास्त पैसे मोजतात.

आता कुणी विचारेल, गोव्यात राहून अमेरिकेचंच का? आपल्या इथे माळ्यावरच्या पेट्यांत पोर्तुगीज इंडियाची तिकिटं निघतात, ती जमवणारे पणजी-मडगावात ढिगाने आहेत आणि त्यामुळे चांगला माल आला की भाव लगेच चढतो. अमेरिकन माल त्या मानाने प्रचंड आहे, मजकूर इंग्रजीत म्हणून वाचता येतो, आणि त्यांच्या टपालखात्याच्या जुन्या नोंदी घरबसल्या बघता येतात. 1930-40 च्या काळातली साधी पाकिटं तिकडचे विक्रेते खोक्यात टाकून डॉलर-दोन डॉलरला विकतात. शिकण्यासाठी एवढं स्वस्त दुसरं काही मिळणार नाही.

पण 'अमेरिका' हा विषय घेऊन बसलात तर बुडालात. एवढ्या मोठ्या देशाची हजारो पोस्टं, त्यातली कितीतरी आता बंद. छोटा विषय घ्या. मला नवीन माणसासाठी सगळ्यात आवडणारा विषय म्हणजे आपल्या शहरांची नावं असलेली अमेरिकन गावं. न्यूयॉर्क राज्यात कॅनडाच्या सीमेजवळ बॉम्बे नावाचं गाव आहे, त्याच राज्यात डेलावेअर काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) डेल्ही आहे, ओरेगनमध्ये मद्रास आहे. या गावांचे शिक्के असलेली पाकिटं फार महाग नसतात, आणि अल्बम उघडून पाहुण्याला दाखवलं की त्यालाही मजा येते, 'बॉम्बे, एन. वाय.' वाचून माणूस थबकतोच. दुसरा विषय, अमेरिकेतून गोव्याला आलेली पत्रं, त्याबद्दल पुढे लिहितो. तिसरा, रेल्वेतले शिक्के. चौथा, एकाच तिकिटाचे वेगवेगळे वापर.

फर्स्ट डे कव्हरपासून, म्हणजे तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का मारलेल्या पाकिटांपासून, मात्र जरा लांब राहा असं माझं मत आहे. रंगीत चित्र छापलेली ती पाकिटं दिसायला छान, पण 1940 नंतरची बहुतेक खास जमवणाऱ्यांसाठीच मोठ्या प्रमाणात बनवलेली, त्यातून ना कुणाचं पत्र गेलं ना कुणाची वाट पाहून संपली. ज्याला आवडतं त्याने घ्यावीत, पण पुढे भाव येईल म्हणून घेऊ नका.

शिक्के ओळखायला शिकायचं तर काळ डोक्यात ठेवायचा. अमेरिकेची पहिली सरकारी तिकिटं 1 जुलै 1847 ला निघाली, 5 सेंटवर फ्रँकलिन आणि 10 सेंटवर वॉशिंग्टन. त्याच्या आधीची आणि नंतरचीही काही वर्षं बरीच पत्रं बिनतिकिटाची जायची, पाकीटसुद्धा नसायचं, कागदच घडी घालून लाखेने बंद केलेला. त्यावर गावाचा गोल शिक्का, बाजूला 'पेड' किंवा नुसता आकडा, कधी शाईने हाताने लिहिलेला. ही घडीची पत्रं नवख्यांना कंटाळवाणी वाटतात म्हणून स्वस्त मिळतात, पण आत अख्खं पत्र असतं हे लक्षात घ्या. कापसाचे भाव, बोटींच्या खबरा, कुणाच्या घरी कोण वारलं, सगळं.

मग तिकिटं आली तसे तिकिटावर मारायला वेगळे ठसे आले. 1860 च्या सुमारास टपालखात्याने सांगितलं की तारखेच्या शिक्क्याने तिकीट रद्द करायचं नाही, त्यामुळे गोल शिक्का एका बाजूला आणि तिकीट मारणारा ठसा दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच मुठीला जोडलेले, असे डुप्लेक्स शिक्के मोठ्या प्रमाणात वापरात आले. लहान गावातला पोस्टमास्तर मात्र हा ठसा स्वतःच बाटलीच्या बुचातून कोरायचा, कुणी चांदणी, कुणी फुली, कुणी नुसत्या फाका. कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या पोस्टात जॉन हिल नावाचा माणूस होता, त्याने तर कोरीव ठशांची रांगच लावली, 1869 चा त्याचा 'पळणारी कोंबडी' हा ठसा जगभर प्रसिद्ध आहे. तो आपल्या खिशाबाहेरचा, पण साध्या बुचाचे फाकांचे, जाळीचे ठसे अजून परवडतात आणि दोन सारखे मिळणं कठीण.

1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रं आली, 1894 पासून बॉस्टनहून सुरू झालेले लहरत्या झेंड्याचे यंत्रशिक्के दिसतात, नंतर आडव्या नागमोडी रेषा आणि घोषणा. लहान पोस्टांना 1903 नंतर जे हातशिक्के मिळाले त्यातल्या काहींत रेषांच्या मधोमध एक आकडा असतो, याला डोन शिक्का म्हणतात, आणि तो आकडा त्या पोस्टमास्तराच्या आदल्या वर्षीच्या मेहनतान्यावरून ठरलेला, शंभर डॉलरच्या हिशोबात. म्हणजे आकडा 1 दिसला की समजायचं पोस्ट अगदी चिमुकलं होतं, बहुधा किराणा दुकानाच्या कोपऱ्यात. त्याच्यानंतर चार आडव्या रेषांचे फोर-बार शिक्के आले, ते लहान गावांत पुढे कितीतरी वर्षं चालले.

रेल्वेतल्या शिक्क्यांवर दोन टोकांच्या शहरांची नावं आणि 'आर. पी. ओ.' असतं, म्हणजे रेल्वे पोस्ट ऑफिस, धावत्या गाडीच्या डब्यात कारकून पत्रं वर्गवारी करत आणि शिक्के मारत असायचे. तिकीट मारणाऱ्या ठशात बऱ्याचदा 'आर. एम. एस.' ही अक्षरं असतात, आपल्या मडगाव स्टेशनावरच्या आरएमएसमुळे ती आपल्याला लगेच कळतात. पहिला असा डबा 1864 च्या ऑगस्टमध्ये शिकागो ते क्लिंटन, आयोवा या मार्गावर धावला आणि शेवटचा न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरचा 30 जून 1977 ला बंद झाला. शंभर वर्षांहून जास्त काळ आणि शेकडो मार्ग, नकाशा घेऊन बसलात की वेळ कसा जातो कळत नाही.

नावाशेजारी राज्याऐवजी 'टेर.' किंवा 'टी.' दिसलं तर थांबा. राज्याचा दर्जा मिळायच्या आधीचे हे टेरिटरीचे शिक्के, डाकोटा, वायोमिंग वगैरे, यांना मागणी आहे. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना तर 1912 पर्यंत टेरिटरी होते, त्यांचे त्यातल्या त्यात परवडतात. तसंच बंद पडलेल्या पोस्टांचे, ज्यांना डी. पी. ओ. म्हणतात. खाण संपली, गाव उठलं, पोस्ट बंद, शिक्का राहिला.

आता दर. हे पाठ झालं की अर्धी लढाई जिंकलात. 1845 ला हिशोब सोपा झाला, अर्ध्या औंसाला 300 मैलांच्या आत 5 सेंट, पलीकडे 10. 1851 पासून आगाऊ भरले तर 3000 मैलांपर्यंत 3 सेंट. 1855 पासून आगाऊ भरणं सक्तीचं आणि 1856 पासून तिकीट सक्तीचं. 1863 ला अंतराची भानगडच काढून टाकली, देशभर 3 सेंट, आणि त्याच वर्षी मोठ्या शहरांत फुकट घरपोच बटवडा सुरू झाला. 1 ऑक्टोबर 1883 पासून 2 सेंट. मग पहिल्या महायुद्धात 1917 च्या नोव्हेंबरपासून 1919 च्या जूनपर्यंत 3 सेंट, परत 2, मग 6 जुलै 1932 पासून 3 सेंट, 1 ऑगस्ट 1958 पासून 4. परदेशी साध्या पत्राला 1875 पासून आंतरराष्ट्रीय टपालसंघाच्या देशांसाठी 5 सेंट, आणि तो दर 1953 पर्यंत टिकला, विश्वास बसणार नाही पण खरंय. हे एका कार्डावर लिहून भिंगासोबत ठेवा. पाकिटावरची तिकिटं आणि त्या तारखेचा दर जुळत नसेल तर एकतर वजन जास्त होतं, किंवा रजिस्टर होतं, किंवा कुणीतरी काहीतरी केलंय.

एक पाकीट वाचून बघू. समजा हातात एक छोटं पिवळट पाकीट आहे. गोल काळा शिक्का, वर कमानीत गावाचं नाव, खाली व्हर्जिनिया, मध्ये ऑक्टोबर 14, साल नाही. कोपऱ्यात 3 सेंटचं गुलाबी वॉशिंग्टन, त्यावर बुचाचा ठसा, ठशाची कड तिकिटावरून उतरून पाकिटावर गेलेली, याला टाइड म्हणतात आणि हे चांगलं लक्षण. त्या काळच्या शिक्क्यांत साल नसणं नेहमीचंच, घाबरायचं नाही. हे तिकीट 1861 च्या ऑगस्टमध्ये निघालं, यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेकडच्या पोस्टांत पडलेली जुनी तिकिटं वापरता येऊ नयेत म्हणून सरकारने जुनी बाद करून नवीन काढली, म्हणजे पत्र त्याच्या आधीचं असू शकत नाही. आता पाकीट तिरपं धरा, तिकिटावर बारीक टोचल्यासारखी चौकोनी नक्षी आहे का बघा, ती ग्रिल 1867 पासून आली, नसेल तर बहुधा त्याआधीचं. मग व्हर्जिनिया. दक्षिणेच्या राज्यांनी 1 जून 1861 पासून स्वतःचं टपाल चालवायला घेतलं होतं, तिथे वॉशिंग्टनचं हे तिकीट चालणार कसं? तर एक, गाव तेव्हा उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात होतं, किंवा दोन, युद्ध 1865 ला संपल्यानंतरचं पत्र आहे. आता डावी कड बघा, व्यापारी लोक आलेल्या पत्रावर तिथे शाईने तारीख आणि उत्तर दिल्याची नोंद करायचे, आत पत्र असेल तर त्यावर साल असेलच. 1862 निघालं तर सैनिकाचं पत्र असण्याची शक्यता मोठी, आणि 1866 निघालं तर साधं घरगुती. दोन्ही पाकिटं दिसायला सारखी, किमतीत मात्र फरक. विक्रेत्याने हे वाचलेलं नसतं असं कितीतरी वेळा होतं, तुमचा फायदा तिथेच आहे.

गोव्याला आलेल्या पत्रांकडे वळू. 1961 च्या डिसेंबरपर्यंत पत्त्यात 'पोर्तुगीज इंडिया' लिहिलेलं असायचं, पणजीसाठी बऱ्याचदा 'नोव्हा गोवा'. आपल्या तारवट्यांची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, पत्रं न्यूयॉर्क, बाल्टिमोरसारख्या बंदरांतून यायची. 1 नोव्हेंबर 1946 पासून अमेरिकेहून इकडे हवाईपत्राला अर्ध्या औंसाला 25 सेंट पडायचे, आणि 1947 पासून 10 सेंटचं एरोग्रॅम, म्हणजे घडी घालून पाठवायचं हवाईपत्र. त्यामुळे 25 सेंटचं एकच हवाई तिकीट लावलेलं, यंत्राच्या नागमोडी शिक्क्याचं, मागे गोव्यातल्या पोस्टाचा पोचशिक्का असलेलं पाकीट हे आदर्श. पोचशिक्का आहे का हे बघायला मागचा फोटो मागायचाच, नुसत्या पुढच्या फोटोवर कधी घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर कडेला 'एक्झामिन्ड बाय' असं छापलेली सेन्सॉरची पट्टी असते, ती फाडायची नाही, सरळ करायला इस्त्री लावायची नाही.

आणि युद्धाचा विषय निघाला म्हणून, मुरगावचं नाव अमेरिकन टपाल इतिहासात एका जहाजामुळे आहे. 1943 च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनचं ग्रिप्सहोम आणि जपानचं तेइआ मारू ही दोन जहाजं मुरगाव बंदरात आली आणि अडकलेल्या अमेरिकन नि जपानी नागरिकांची तिथे अदलाबदल झाली, दोन्हीकडून साधारण दीड हजार माणसं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा. ग्रिप्सहोमशी संबंधित पत्रं बाजारात येतात, पण 'ग्रिप्सहोम' एवढं वाचून उडी मारू नका. 1942 ला याच जहाजाने अशीच अदलाबदल आफ्रिकेतल्या लोरेन्सो मार्केसला केली होती, त्यातली पत्रंही याच नावाने विकली जातात. तारीख बघा. मुरगावची फेरी पाहिजे असेल तर 1943 चीच हवी.

फसवणूक कुठे होते तेही सांगतो. सगळ्यात नेहमीचा प्रकार, खरं बिनतिकिटाचं पत्र घ्यायचं आणि त्यावर 1847 चं सुटं तिकीट चिकटवून वर थोडा ठसा रंगवायचा. अशा पाकिटावर बघायचं की आधीच 'पेड 5' मारलेलं असताना परत तिकीट कशाला. 1847 ची तिकिटं 1 जुलै 1851 पासून बाद झाली, त्यानंतरच्या तारखेवर दिसली तर हात मागे घ्या. भिंगाखाली ठशाची रेघ तिकिटाच्या कडेवरून पाकिटावर उतरताना सलग उतरते का, दोन्हीकडची शाई एकाच रंगाची का, तिकिटाच्या कडेने जुन्या गोंदाचा वेगळा डाग दिसतो का. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च हजारेक रुपयांच्या आत मिळतो, त्याखाली नवीन कागद आणि दुरुस्ती बऱ्याचदा निळसर चमकते. पोनी एक्सप्रेसची पाकिटं तर स्वप्नात बघावीत, ती घोडेस्वारांची टपालसेवा 1860 च्या एप्रिलपासून जेमतेम दीड वर्ष चालली, कुणी स्वस्तात देतोय म्हणाला की समजून जायचं. महाग वस्तू घ्यायचीच असेल तर अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी किंवा न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं प्रमाणपत्र असलेलीच घ्या.

खरेदी ईबे, हिपस्टॅम्प, डेलकॅम्पवर होते. शोधताना गावाच्या नावासोबत 'कव्हर' आणि काउंटी टाका, नाहीतर बॉम्बे शोधताना आपल्या मुंबईचाच माल समोर येत राहतो. एकेक पाकीट मागवलं तर टपालखर्च वस्तूपेक्षा जास्त, म्हणून एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा जमवून एकत्र मागवा आणि दोन बाजूंनी जाड पुठ्ठा घालायला आधीच सांगा. न्यू जर्सीत कुणाचा भाऊ-मेहुणा असेल तर त्याच्या पत्त्यावर जमवून तो गणपतीला येताना आणेल, ही गोव्याची जुनी पद्धत इथेही चालते. टपालाने मागवलं तर कस्टम्सवर अडकू शकतं, म्हणून बिलाची प्रत जवळ ठेवा आणि किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. आणि उलट दिशेला, घरातली जुनी कागदपत्रं परदेशी विकायचा मोह झाला तर 1972 चा पुरावस्तू कायदा लक्षात असू द्या, 100 वर्षांवरच्या वस्तू आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे 75 वर्षांवरचे हस्तलिखित कागद परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

घरी आणल्यावर खरा शत्रू म्हणजे आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत कागद पिळून पाणी निघेल अशी अवस्था, तपकिरी ठिपके पडतात, गोंद सैल होऊन तिकिटं समोरच्या पानाला चिकटतात, कसर कागद खाते. साधे प्लॅस्टिकचे पाऊच, विशेषतः वास येणारे पीव्हीसीचे, वापरू नका, पॉलिएस्टरचे आणायचे. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, ते रंग बदललं की तापवून परत टाकायचं. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको, खालचा कप्पा नको. डांबरगोळ्या कपड्यांना ठेवा, इथे नको. पावसाळ्यात अल्बम सारखा उघडायचाही नाही, त्यासाठी पाकिटं आली की लगेच दोन्ही बाजू 600 डीपीआयने स्कॅन करून ठेवा आणि चार महिने स्क्रीनवरच अभ्यास करा. लॅमिनेशन, सेलोटेप, पेनाने मागे नंबर टाकणं, यातलं काही केलंत तर पाकीट गेलं. लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, पाउचसोबतच्या चिठ्ठीवर.

त्या चिठ्ठीवर काय लिहायचं, तर गाव, काउंटी, तारीख, दर, शिक्क्याचा प्रकार, किती रुपयांना कुठून घेतलं. पोस्ट कधी उघडलं नि बंद झालं हे अमेरिकन टपालखात्याच्या साइटवर पोस्टमास्टर फाइंडर नावाच्या यादीत बऱ्याच गावांसाठी मिळतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोस्टल म्युझियमची साइटही बघा, आणि भावांसाठी स्कॉटचा अमेरिकेचा स्पेशलाइज्ड कॅटलॉग, जुनी आवृत्ती चालेल, पाकिटावरच्या तिकिटांचे भाव त्यात वेगळे असतात.

आणि जुनं सोडून ताजा शिक्काही मागवता येतो, पैसेही फार लागत नाहीत. अमेरिकेतल्या ओळखीच्याकडून 'ग्लोबल' फॉरेव्हर तिकिटं मागवा, एक तिकीट एका औंसापर्यंत जगात कुठेही चालतं. आपला गोव्याचा पत्ता लिहिलेल्या पाकिटावर ते लावायचं, मोठ्या पाकिटात घालून बॉम्बे, न्यूयॉर्कच्या पोस्टमास्टरला पाठवायचं, सोबत चार ओळींचं नम्र पत्र की मी भारतात शिक्के जमवतो, कृपया हाताने काळ्या शाईत फोर-बार शिक्का तिकिटावर मारून हे टपालात टाकाल का. पोस्ट आज चालू आहे का ते आधी तपासा, लहान पोस्टं दिवसातून काही तासच उघडी असतात. उत्तराला महिना-दीड महिना धरा, काही पोस्टमास्टर दुर्लक्ष करतात, काही उलट दोन ओळी लिहून पाठवतात. आतल्या पाकिटात पातळ पुठ्ठा मात्र घाला, रिकाम्या पाकिटावर ठसा अर्धवट उठतो आणि गावाच्या नावातलं नेमकं पहिलं अक्षरच गायब होतं.